उठायच्या आधी चिठ्ठी

"मुलगी बोलत नाही, हे एक बरं झालं," पुढच्या सीटवरून सर बबनला म्हणाले. "मागच्या वर्षीचा मुलगा फार बोलायचा. अख्ख्या हंगामात धड काही सापडलं नाही."

बबननं वळणावर गियर बदलला. "सर, मुंग्यांना कुठं ऐकू येतंय?"

"त्यांना नाही हो येत. मला येतं."

मी मागे कुप्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मला झोप लागली आहे असं त्यांना वाटलं असावं. माझ्या न बोलण्याबद्दल तोवर मी फक्त तक्रारीच ऐकल्या होत्या. भिंगारला मी इंग्रजी शाळेत होते. तिथल्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा यायचा, मुलगी हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही. घरी पाहुणे आले की आई आधीच सांगून टाकायची, "ती जरा अशीच आहे." आणि इथे एक म्हातारा माणूस त्याच गोष्टीला बरं म्हणत होता. राजूर येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत राहिले.

सर आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मी एम.एस्सी. करून घरी बसले होते, तेव्हा आमच्या मॅडमनी मला त्यांच्याकडे पाठवलं. "त्यांना डोळे हवे आहेत," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. पण ते अक्षरशः खरं होतं. सरांच्या नजरेचा मधला भाग हळूहळू जात चालला होता. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसत आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. म्हणून कुणाचा चेहरा बघायचा असला की ते त्याच्यावरून नजर काढून बाजूच्या भिंतीकडे बघत. नवीन माणसाला वाटे, हे आपल्याला टाळतायत. खरं तर तेव्हाच ते त्याला बघत असत.

"माणसं आता मी कानांवरून ओळखतो," ते म्हणत. "मुंगीला कान नसतात, एवढीच अडचण."

अकोले तालुक्यातल्या डोंगरांत कोणकोणत्या रानमुंग्या राहतात, याची यादी ते जवळजवळ तीस वर्षं करत होते. त्यांना हे काम कुणी दिलेलं नव्हतं आणि त्याची कुणी वाटही बघत नव्हतं. आमचा जिल्हा म्हटला की लोकांना कोरडा माळ आणि उसाच्या ट्रका आठवतात. पश्चिमेचा एवढासा कोपरा ओला आहे, तिथे ढग डोंगराला टेकतात, हे नगरमधल्या पुष्कळांना ठाऊकही नसतं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं. सर शेवटपर्यंत नगरच म्हणत राहिले. त्यात मत वगैरे काही नव्हतं. कुप्यांमधल्या हजारो चिठ्ठ्यांवर 'जि. नगर' लिहिलेलं होतं, आणि लिहिलेली चिठ्ठी बदलायची नाही, हा त्यांचा नियम होता.

त्या कुप्यांचं आणि वाळवलेल्या मुंग्यांचं कपाट त्यांच्या मधल्या खोलीत होतं. सागवानी, अठरा खणांचं. त्याचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या पितळी वाट्यांत उभे असत. जिवंत मुंग्यांनी आत शिरून मेलेल्या मुंग्या खाऊ नयेत म्हणून. टाचणीवर लावून वाळवलेल्या मुंग्यांचे खणच्या खण एका रात्रीत फस्त होतात, असं सर सांगत.

"माझ्या साखरेच्या डब्याला वाटी नाही," काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "गुळाला नाही. चिवड्याला नाही. ह्यांच्या मुंग्यांना मात्र माझ्या माहेरच्या वाट्या."

"साखर परत मिळते," आतून सरांचा आवाज आला.

"वाट्या मिळतात का?"

काकूंनी मला चहा दिला. त्यावर दोन मुंग्या तरंगत होत्या. मी चमच्यानं त्या काढणार, एवढ्यात सर दारात येऊन म्हणाले, "थांबा. कंबर बघितलीत का?"

सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. मला, बबनला, दूधवाल्याला, आणि बोटावर चढलेल्या मुंगीलाही. "अहो, थांबा जरा," असं ते तिला इतक्या अदबीनं सांगत, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यामागे कुणी उभं आहे की काय म्हणून मी वळून बघितलं होतं.

कंबर ही त्यांच्या लेखी सुरुवात होती. मुंगीच्या छातीला आणि पोटाला जोडणारा बारीक सांधा असतो, त्यावर मण्यासारखी एक गाठ असते किंवा दोन. तिथून ओळखीला सुरुवात. मी पहिल्या आठवड्यात भिंगातून बघून सांगितलं होतं, "सर, काळी आहे. मोठी."

"रंग साडीवाल्याला सांगा. मला कंबर सांगा. एक मणी की दोन?"

मुंग्या धरायची त्यांची काचेची नळी होती. एक टोक मुंगीपाशी, दुसऱ्याला रबरी नळी, ती तोंडात. मध्ये जाळी. हलकेच श्वास ओढला की मुंगी आतल्या बाटलीत पडते. जाळीतून मुंगी येत नाही, पण तिचा वास आणि चव येते. डोळे अधू झाल्यापासून सर चवीवर काम चालवत. ओढून झालं की क्षणभर जीभ टाळ्याला लावून बसत आणि सांगत, "आंबट. म्हणजे एक मणी. बघा बरं." मी बघे. एकच मणी असे. एकदा त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "खवट खोबरं. ही घरात येणारी, बारीक, भुताच्या पायांची. सोडून द्या, अशा आपल्याकडे चारशे आहेत." मी बघितलं, तर खरोखरच पांढुरक्या पायांची ती मुंगी नळीत गोंधळून फिरत होती.

माझी वही मराठीत असावी, असा त्यांचा हट्ट होता. मला ते अवघड गेलं. आमच्या शाळेत मराठीत बोललं की फळ्यावर नाव लागायचं, आणि माझं नाव कधी लागलं नाही कारण मी कुठल्याच भाषेत बोलायचे नाही. मी 'लीफ लिटर' असं देवनागरीत लिहिलं तेव्हा सरांनी वही परत केली.

"झाडाखाली जे साठतं त्याला इथली माणसं काय म्हणतात?"

"माहीत नाही, सर."

"मग विचारा. हौसाबाईंना विचारा."

हौसाबाई म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत आम्ही ज्यांच्याकडे उतरायचो त्या. साठीच्या, काटक, कपाळावर गोंदण. सरांना त्या मास्तर म्हणत. एवढं एक विचारायला मला अर्धा तास लागला. त्या भाकरी थापत होत्या, मी उंबऱ्याशी बसून होते. शेवटी त्यांनीच विचारलं.

"काय गं, पोटात दुखतंय का?"

मी त्यांना झाडाकडे बोट करून दाखवलं. खालची पानं.

"पातेरा व्हय? आगं मंग तसं बोल की! मला वाटलं, पोरीला काय हुतंय आन् काय न्हाई." मग सरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मास्तर, यवढी शिकल्याली पोरगी आनली, तिला पातेरा म्हाईत न्हाई. आन् तुमी तिच्याकडनं मुंग्या धरून घेता. माझ्या चुलीपाशी लई हायत, त्या न्या की."

"त्या आहेत माझ्याकडं."

"मंग डोंगरावरच्यांनी काय सोनं लावलंय?"

सर हसले नाहीत. "ते अजून कळलेलं नाही, हौसाबाई," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यासाठीच येतो."

पातेरा हा शब्द मी त्या दिवशी वहीत लिहिला. त्यानंतर कातळ, सडा, घळ, टाकं. आज मी जे काही मराठी लिहिते त्यातलं निम्मं त्या वहीतून आलेलं आहे.

पण सरांचा खरा नियम चिठ्ठीचा होता. मुंगी कुपीत घातली की त्याच जागी, उकिडवं बसलेलं असतानाच, कागदाच्या बोटभर पट्टीवर पेन्सिलीनं ठिकाण, जागा आणि तारीख लिहायची आणि ती चिठ्ठी मुंगीबरोबर त्याच स्पिरिटमध्ये बुडवायची. पेन्सिलीनंच, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. आणि उठायच्या आधी, कारण उठलं की माणूस विसरतो. "उठायच्या आधी चिठ्ठी," हे ते दिवसातून दहादा म्हणत. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली पेन्सिल असे. सरांच्या गळ्यात तीन असत. काकू म्हणत, "माझ्या गळ्यात मंगळसूत्र एक, ह्यांच्या गळ्यात तीन."

एकदा मिरजगावहून एक शाळामास्तर आले. ऊन डोक्यावर घेऊन, दोन बस बदलून. काडेपेटीत एक मुंगी घेऊन आले होते, लांब, तांबूस, मोठ्या डोळ्यांची. उड्या मारणारी. मी ती प्रथमच बघत होते. सरांनी काडेपेटी डोळ्याच्या कडेशी धरून बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कुठली?"

"सर, कालच्या सहलीत कुणीतरी दप्तरावरून आणली असावी. बहुधा सीनेच्या काठची."

"बहुधा हे कुठल्या तालुक्यात येतं?"

शाळामास्तर हसले. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत. सरांनी काडेपेटी बंद केली, दोन्ही हातांनी त्यांना परत दिली आणि म्हणाले, "चिठ्ठी नसलेली मुंगी म्हणजे नुसती मेलेली मुंगी. माफ करा हं. जेवून जा." शाळामास्तर जेवून गेले. त्यांची मुंगी मात्र कपाटात गेली नाही. ती गेली असती तर यादीत एका तालुक्याची भर पडली असती, हे सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

हा कडकपणा त्यांच्यात कुठून आला, ते मला काकूंनी दाखवलं. सरांच्या टेबलावर जाड काच होती. लोक काचेखाली देवाचे, नातवंडांचे फोटो ठेवतात. सरांच्या काचेखाली एक पत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी सरांना एका डोंगराच्या अगदी माथ्यावर, पाण्याच्या टाक्याशेजारच्या शेवाळात, तिळापेक्षाही लहान मुंगी सापडली होती. तोंडापुढे सापळ्यासारखे लांब जबडे. भक्ष्य जवळ आलं की ते खटकन मिटतात. या जातीची मुंगी खालच्या दाट, ओल्या राईत असते. उघड्या, वाऱ्याच्या माथ्यावर ती कुणी बघितलेली नव्हती. सरांनी ती एका मोठ्या तज्ज्ञांकडे पाठवली. उत्तर आलं, मुंगी मात्र परतीच्या टपालात चिरडली गेली. इंग्रजी पत्रातली एक ओळ सरांनी पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. मुंगी आपण म्हणता तीच आहे, परंतु आपल्या कुप्यांची अदलाबदल झाली असावी.

"त्या दिवशी हे जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, सभ्य भाषेत तर लिहिलंय. तर म्हणाले, शिवी दिली असती तर चाललं असतं."

सर त्यानंतर बावीस वेळा त्या माथ्यावर गेले. ती मुंगी त्यांना पुन्हा दिसली नाही. मग डोळे गेले.

ते तज्ज्ञ अजून हयात होते, नव्वदी ओलांडलेले, पुण्यात मुलाकडे राहत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सर त्यांच्या घरी फोन लावत. पलीकडून त्यांचा थरथरता "हॅलो" आला की फोन ठेवून देत आणि समाधानानं म्हणत, "आहेत." मला आधी हे चमत्कारिक वाटलं, मग थोडं भीतिदायक. नंतर कळलं, त्यांना त्या माणसाचं वाईट व्हायला नको होतं. त्याला काहीतरी दाखवेपर्यंत तो राहायला हवा होता.

दुसऱ्या हंगामात, दसरा झाल्यावर, आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. डोंगराचं नाव मी लिहीत नाही. तिथे आधीच पुष्कळ गर्दी होते. सरांना आता चढवत नव्हतं. पायरी नेमकी नजरेच्या मधोमध येते, ते म्हणाले, आणि हौसाबाईंच्या अंगणात बाजेवर बसून राहिले. वनखात्याच्या परवानगीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. "टाक्याच्या उगवतीला, कातळाच्या पोटात शेवाळ आहे. मूठभर चाळा. घाई नको."

मी आणि हौसाबाई निघालो. वाटेत कारवीचं रान माणसाच्या डोक्यावर गेलेलं. माथ्यावर वारा इतका, की चाळणीखालचं पांढरं फडकं हौसाबाईंना चार कोपऱ्यांवर दगड ठेवून धरावं लागलं. दुसऱ्या मुठीला फडक्यावर काहीतरी हललं. मातीच्या कणाएवढं, तांबूस. मी नळी लावली. तीन मुंग्या ओढल्या, कुपीत घातल्या, आणि गळ्याशी हात नेला.

दोरा होता. पेन्सिल नव्हती. कारवीत कुठेतरी तुटून पडली होती.

"काय गं?" हौसाबाई म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हणाले आणि कुपी डाव्या खिशात ठेवली. डावी म्हणजे माथा, असं मनाशी दोनदा म्हटलं. उतरताना राईत थांबलो. तिथल्या पातेऱ्यातही तसलंच बारीक, तांबूस काही हललं. ती कुपी उजव्या खिशात. आणि राईच्या खालच्या टप्प्यावर, ओल्या कातळावर, माझा पाय सटकला. लागलं काही नाही. दोन्ही कुप्या खिशांतून निसटून घरंगळत गेल्या. हौसाबाईंनी त्या पाल्यातून शोधून काढल्या, पदरानं पुसल्या आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"ह्या घे तुझ्या बाटल्या. फुटल्या न्हाईत. देव पावला."

सारख्याच कुप्या, सारखीच बुचं, आणि आत डोळ्याला सारखेच दिसणारे ठिपके.

अंगणात पोचलो तेव्हा सर उठून उभे राहिले. माझ्या बाजूच्या कुडाकडे नजर लावून त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या झाल्या?"

त्यांच्या गळ्यात तीन पेन्सिली होत्या. हात पुढे करून एक मागायची होती, आणि काय झालं ते सांगायचं होतं. तेव्हाही काही बिघडलं नसतं. ते रागावले असते, कुप्या ओतून टाकायला लावल्या असत्या, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो असतो.

"हो," मी म्हणाले.

माझ्यासारख्या माणसाला हा शब्द फार सोपा असतो. त्याच्यानंतर कुणी काही विचारत नाही.

राजूरला बबन डिझेल भरायला थांबला. सर जीपमध्ये डोळे मिटून बसले होते. मी समोरच्या दुकानातून पेन्सिल आणली आणि मागच्या सीटवर बसून दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एका कुपीत शेवाळाचा बारीक हिरवा कण होता. माथ्यावर शेवाळ होतं, म्हणून तिच्यात 'माथा' घातली. राईतल्या दगडांवरही शेवाळ होतं. ते मला ती चिठ्ठी बुडवतानाच आठवलं, आणि मी बूच लावलं.

नगरला, मायक्रोस्कोपखाली, 'राई' लिहिलेल्या कुपीत साधी मुंगी निघाली. डोळ्याला तशीच दिसणारी, पण आखूड तोंडाची. 'माथा' लिहिलेल्या कुपीत ती होती. लांब जबडे, हृदयाच्या आकाराचं डोकं, कंबरेला दोन मणी.

मी सांगत गेले आणि सर ऐकत गेले. त्यांनी तीनदा विचारलं, "दोन? नक्की दोन?" मग "चिठ्ठी वाचा" म्हणाले. मी वाचली. मग सर टेबलाशी गेले, काच एका हातानं उचलून धरली आणि सव्वीस वर्षांत प्रथमच ते पत्र बाहेर काढलं. खालच्या लाकडावर त्याची फिकट चौकोनी खूण राहिली होती. पत्राची घडी घालून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

"चुलीत घालू का ते आता?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज ओला झाला होता.

"आपल्याकडं गॅस आहे," सर म्हणाले. "आणि उत्तर द्यायचं आहे अजून."

त्यानंतरचे पाच आठवडे मला नीट आठवतात आणि आठवायला नकोत असं वाटतं. सर बदलले. चालताना गुणगुणत. फोनवर जुन्या विद्यार्थ्यांना सांगत, "अहो, माझं काही नाही, मुलीच्या डोळ्यांचं काम. आणि हाताचं. जाग्यावर चिठ्ठी लिहिणारी मुलगी आहे." बबननं मला पेढे दिले. घरी पप्पांनी शेजाऱ्यांना सांगितलं. मी प्रत्येकाला हसून मान हलवली. रोज सकाळी सायकलवरून त्यांच्याकडे जाताना मी वाक्य जुळवत असे, आणि फाटकाशी पोचेपर्यंत ते मोडत असे. शिवाय मी स्वतःला समजावत होते. कदाचित बरोबरच असेल. डावी म्हणजे माथाच असेल. बहुधा.

हा शब्द मनात आला की मला मिरजगावच्या त्या शाळामास्तरांचे काडेपेटी घेऊन आलेले आणि तीच परत नेणारे हात दिसत.

सर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. काकू मुलीकडे राहायला गेल्या. अठरा खणांचं ते कपाट भिंगारला माझ्या खोलीत आहे, खाली त्याच चार पितळी वाट्या. तसं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. रोज सकाळी मी वाट्यांत पाणी घालते, आणि पाणी घालताना मला नेहमी ती एकच दुपार आठवते.

त्या पाच आठवड्यांच्या शेवटी, डिसेंबर नुकताच लागला होता. त्या मुंगीवरचा लेख पुरा झाला होता. सर मराठीत सांगत, मी इंग्रजीत टाइप करत असे. माझी इंग्रजी शाळा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती. त्या दिवशी फक्त एकदा वाचून पाठवायचा होता. पुण्याच्या पत्त्याचं पाकीट काकूंनी आधीच टेबलावर ठेवलं होतं. सकाळी सरांनी तिकडे फोन लावला होता. ते होते.

"वाचा," सर म्हणाले. "पण मराठीत सांगा. हिलाही कळू दे. तीस वर्षं हिनं माझ्या वाट्यांत पाणी घातलंय."

"चला, एवढं तरी आठवतंय," काकू म्हणाल्या आणि चहाचे कप ठेवून खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनी पदर नीट केला, कथा ऐकायला बसावं तसा.

मी स्क्रीनवर बघून सांगू लागले. डोकं असं. जबडे असे. अंगावरचे केस इतके, अशा ठिकाणी. कंबरेला दोन मणी. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता, पत्राच्या घडीवर. मग पुढची ओळ आली. ठिकाण. त्या ओळीत माथा होता, टाकं होतं, शेवाळ होतं, तारीख होती, आणि शेवटी, चिठ्ठी जागेवर लिहिणारी म्हणून माझं नाव होतं.

मी थांबले.

"पुढे?" सर म्हणाले.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. काकू म्हणाल्या, "अगं, चहा घे आधी. घसा सुकला असेल. इतकं बोलायची सवय नाही तिला."

चहावर एक मुंगी होती. मी तिच्याकडे बघत राहिले. सरांनी मान हळूच वळवली आणि माझ्याशेजारच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या खिळ्याशी, नजर लावली. म्हणजे ते मला बघत होते.

"सर," मी म्हणाले, "डोंगरावर माझ्याकडे पेन्सिल नव्हती. चिठ्ठ्या मी राजूरला गाडीत बसून लिहिल्या. कुठली कुपी माथ्यावरची आणि कुठली राईतली, ते मला माहीत नाही."